काळ्या दगडाखालची हाक

दुधनीच्या पुढच्या माळावर आमची एक कूपनलिका होती. कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून आम्ही तो तिथल्या काळ्या दगडात खोल सोडायचो. खालचे सूक्ष्म जीव त्या वायूचा सावकाश पांढरा दगड करायला मदत करत. एकदा दगड झाला की वायू पुन्हा वर येत नाही. त्या जिवांचं कसं चाललंय हे बघायला पाण्याचा नमुना आणायचा, एवढंच काम. त्या दिवशीही मी त्याच कामाला सोलापूरहून निघाले. सोबत आमचा तंत्रज्ञ संघपाल होता.

दिवस मावळायला आला होता. वारा पडलेला. माळभर तापलेल्या मातीचा वास, नळीपाशी मात्र ओल्या चुन्याचा. मेंढरं राखणारी चंद्रव्वा लांबूनच ओरडली, "बाई, लई वाकू नका तितं! मेंढरंबी जवळ जाईनात की."

संघपाल हसला. त्यानं दोरीला बांधलेली बाटली आत सोडली. आणि एकदम थांबला.

"धम्मप्रिया मॅडम, तुमी हाक मारली का?"

"नाही रे."

"संघू म्हणून... आई मारायची तशी..."

त्याची आई मागच्या उन्हाळ्यात गेली होती.

तो गुडघ्यांवर बसला आणि नळीच्या तोंडाला त्यानं कान लावला. "व्हय... हितंच हाय मी," तो हळूच म्हणाला. कुणाला तरी उत्तर दिल्यासारखं.

मी त्याला ओढलं. हलेना. माझ्या खिशाला अडकवलेलं वायू मोजायचं यंत्र गप्प होतं. हवेत काहीच नव्हतं. तरी त्याचे ओठ निळे पडत चालले होते. मी किंचाळले. चंद्रव्वा काठी टाकून धावत आली, तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली. दोघींनी जीव खाऊन ओढलं, तेव्हा कुठं तो सुटला. नळीचं झाकण मी आवळून टाकलं.

सोलापूरच्या दवाखान्यात तो शुद्धीवर आला. चहा मागितला. मला रडू आवरेना. एक्स-रेच्या फोटोत छाती स्वच्छ होती.

त्याला घरी सोडण्याआधी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा त्याची छाती तपासली. बराच वेळ तपासली. मग स्टेथोस्कोपच्या नळ्या माझ्या कानांत घातल्या.

"आता श्वास रोखून धरा," त्या त्याला म्हणाल्या.

त्यानं ओठ मिटले. छाती थांबली.

माझ्या कानांत मात्र श्वास चालूच होता... संथ, खोल. गाढ झोपलेल्या माणसाचा असतो तसा.