रुमाल टाकलेली खुर्ची

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो न पटो.

मी नीलिमा, राहते जपानात, नागोयाला, आणि भुताखेताच्या गप्पा "चला, काहीतरीच" म्हणून उडवून लावणारी बाई आहे. नवऱ्याला विचारा हवं तर. पण हे माझ्या मामेबहिणीच्या, कस्तुरीच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटचा भाग तर माझ्या शेजारी.

गाव कावासाकी. गेल्या नोव्हेंबरातला शनिवार. अमावस्येची रात्र वगैरे काही नाही, चांगली भर दुपार.

तिथे स्टेशनमागच्या गल्लीत एक जुनं, छोटं थिएटर आहे. एका तिकिटात दोन सिनेमे, दोन्ही भुताचे. सिनेमे नवेच, पण मुद्दाम जुनाट दिसतील असे काढलेले. पडद्यावर ओरखडे, विटलेले रंग, मधेच रीळ तुटल्याचं नाटक.

कस्तुरीचा नवरा पुष्कर या सिनेमांचा वेडा होता. ऑफिसात पुष्कर-सान म्हणजे शिस्तीचा पुतळा, आणि त्या थिएटरात शिरला की शाळकरी पोर. कस्तुरी घाबरून त्याच्या बाहीत तोंड खुपसायची, तरी दरवेळी जायची.

आता एक गंमत सांगते, ती लक्षात ठेवा.

जपानी प्रेक्षक सिनेमात हूं की चूं करत नाहीत. आणि पुष्करला तिथे हमखास भूक लागायची. तो येताना कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, ओनिगिरी आणायचा. आत आंबट मनुक्याचं लोणचं घातलेला भाताचा गोळा. पण त्याचा कागद भारी वाजतो. म्हणून हा पडद्यावर किंकाळी यायची वाट बघायचा. किंकाळी आली की... चर्र. थांबली की हात थांबला. मग पुढची किंकाळी.

"एक ओनिगिरी सोडवायला तीन मुडदे पडावे लागतात," म्हणायचा.

त्या शनिवारच्या आदल्या वर्षी, याच दिवसांत, तो ऑफिसातून परस्पर तिथे येणार होता. मेसेज आला, "येतो. जागा धर."

तिथे खुर्च्यांना नंबर नाहीत, आधी येईल त्याची जागा. कस्तुरीने शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारी माणसं आपण, सवय कुठे जाते? मग इथल्या नियमाप्रमाणे फोन बंद केला.

पहिला सिनेमा संपला. दुसराही संपला.

रुमाल तसाच.

रागारागाने बाहेर येऊन तिने फोन चालू केला, तर हॉस्पिटलचे कॉल येऊन पडलेले. पुष्कर प्लॅटफॉर्मवर कोसळला होता. ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. नर्सने त्याची बॅग हातात दिली. आत दोन ओनिगिरी. न उघडलेल्या.

"तो तिकडे एकटा गेला, नीलू, आणि मी इकडे भुतं बघत बसले होते." हे वाक्य ती कधीही बोलायची. भाजी चिरताना, लेकीची, ओजस्वीची वेणी घालताना, मधेच.

दहावा पुण्यात झाला. पिंडाला कावळा शिवेना. प्रल्हादकाकांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, हात जोडले. "बाळा, कस्तुरीला आणि ओजस्वीला आम्ही सांभाळू." झाडावर कावळे होते, एकही खाली उतरला नाही. "शिक्षण करू, घर नावावर करू." नाहीच. ऊन चढलं तसा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे उठले.

कस्तुरी तेवढी उठली नाही. त्याचं काय राहिलं, हेच तिला कळेना. तिला वाटायचं, तो रागावून गेलाय आपल्यावर.

वर्ष कसंबसं गेलं. मग तिने कावासाकीचं घर सोडून पुण्याला परत जायचं ठरवलं. मंगळवारचं विमान होतं, मी सामान बांधायला आले होते. आणि त्या शनिवारी तिला कळलं, थिएटरात सिनेमांची तीच जोडी पुन्हा लागलीय.

"एकदा जाऊन येते," म्हणाली. मी ओजस्वीपाशी थांबले.

पुढचं तिने मला सांगितलं, ते जसंच्या तसं सांगते.

वाटेत ती कोंबिनीत शिरली. एक घ्यायची, तर हाताने आपसूक दोन ओनिगिरी उचलल्या. थिएटरात नेहमीच्या जागी बसली आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर रुमाल टाकून मोकळी झाली. एक ओनिगिरी दोन खुर्च्यांमधल्या हाताच्या, पेला ठेवायच्या खाचेत ठेवली, एक पर्समध्ये राहिली.

एका तरुणाने वाकून विचारलं, "इथे कोणी आहे का?"

"हो. येणार आहेत," ती म्हणाली.

म्हणून गेली, आणि अंगावर काटा आला. मेलेल्या माणसाची जागा धरली होती तिने.

पहिला सिनेमा संपला. काही नाही. दिवे लागले, गेले, दुसरा सुरू झाला.

आणि शेजारी...

कुर्र.

त्या खुर्च्यांची बैठक उठलं की आपोआप वर मिटते. शेजारची बैठक आता खाली होती. कोणी बसलेलं नव्हतं. आणि ती वर जात नव्हती.

पडद्यावर बाई किंचाळली.

चर्र...

किंकाळी थांबली. आवाज थांबला.

कस्तुरीने तिकडे मान वळवली नाही. भीतीने नाही हो. वळवली तर तो जाईल, म्हणून. पुढची किंकाळी आली, पुन्हा चर्र. तिच्या डोळ्यांना धार लागली. ती पडद्याकडे बघतच कुजबुजली, "फोन बंद होता रे. इथे बंद ठेवावा लागतो ना... मला माहीतच नव्हतं."

पडद्यावर पुन्हा किंकाळी. पण शेजारी आता आवाज नाही.

काहीच नाही.

तिला वाटलं, गेला. रागावूनच गेला.

मग मधल्या हातावरचं तिचं कोपर कुणीतरी हळूच बाजूला सरकवलं. त्या हातावरून दोघांची दरवेळी भांडणं व्हायची. तो असाच सरकवायचा, आणि सरकवून गालात हसायचा.

सिनेमा संपला. इथे नावं संपेपर्यंत कोणी उठत नाही, दिवेही लागत नाहीत. ती नावं कधी संपूच नयेत, असं तिला वाटलं.

दिवे लागले. खुर्ची मिटलेली. पाठीवर रुमाल. खाचेत रिकामा कागद... पट्टी करून गाठ मारलेला. पुष्कर मारायचा तशी.

घरी आली ती दारातच म्हणाली, "नीलू, कावळा शिवला गं."

मी समजावलं. अंधारात कोणीतरी उचलली असेल.

"जपानी माणूस दुसऱ्याचं उचलून खाईल? आणि कचरा तिथेच टाकून जाईल?"

मी पुन्हा सामान बांधायला लागले.

सोमवारी ती पुन्हा निघाली, तेव्हा ओजस्वीला शेजारणीकडे सोडून मीही गेले. म्हटलं, हिला एकटीला सोडायचं नाही आणि रुमाल तर मुळीच टाकू द्यायचा नाही. शिवला ना कावळा, मग आता त्याला मोकळा करायला नको? पण आत जाऊन बसलो आणि तिने रुमाल टाकलाच. मी बोलणार, तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. "इथे कोणी आहे का?"

कस्तुरीने माझ्याकडे बघितलं.

"हो, येतायत," मी म्हणाले.

मीच म्हणाले. का, ते विचारू नका.

दुसऱ्या सिनेमात कुर्र आवाज आला. मी पडद्यावरून नजर काढली नाही. खुर्ची खाली होती की वर, आजही सांगता येणार नाही. पण कस्तुरीने मधल्या हातावरून आपलं कोपर काढून घेतलं, तेवढं मला दिसलं.

निघताना ती रुमाल तिथेच विसरली. मला वाटतं, मुद्दामच. मी आठवण केली नाही.

मंगळवारी मायलेकी पुण्याला गेल्या. ओजस्वी नव्या शाळेत रुळतेय, कस्तुरी हसते, जेवते. मी तिला यातलं काही बोलत नाही.

पण कावासाकीला जाणं झालं, तर मी त्या गल्लीतून जात नाही. एकच विचार येतो.

रुमाल तर तिथेच राहिला.

तेव्हा ती त्याची वाट बघत बसली होती. आता तो तिची जागा धरून बसला असेल का...

आणि तिला तर परत यायचंच नाहीये.