प्रेस नंबर सातचा हिरवा दिवा

आमच्या चाकणच्या कंपनीत सुरक्षा सप्ताहाला कँटीनमध्ये पोहे फुकट असतात, म्हणून गर्दी होते. सुरक्षेसाठी कोण येतोय! सहा टेबलांवर बुद्धिबळाचे सहा पट मांडतात. डोळ्यांवर पट्टी बांधलेला एखादा ग्रँडमास्टर भिंतीकडे तोंड करून बसतो आणि आमच्या सहा जणांशी एकदम खेळतो. यांच्या चाली त्याला मोठ्यानं सांगायच्या, त्याच्या पटावर करायच्या, हे काम माझं. मी बबनराव, प्रेस शॉपचा सुपरवायझर, बावीस वर्षं नोकरी, राहायला निगडीत. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मोजपट्टी लावल्याशिवाय मी बायकोच्या भाकरीलाही गोल म्हणत नाही.

हा कार्यक्रम लालमहंमदच्या मरणातून निघाला. तो सात नंबर प्रेसचा ऑपरेटर. जेवणाच्या सुट्टीत पाठ फिरवून बसायचा आणि पट न बघता तिघातिघांना हरवायचा. तीन वर्षांपूर्वी सकाळी अकरा चाळीसला तो अडकलेला पत्रा काढायला प्रेसमध्ये वाकला आणि प्रेस खाली आला. तिथं सेन्सर असतो. त्याचा हिरवा दिवा जळत असला, की माणूस आत असताना प्रेस उतरत नाही. त्या दिवशी दिवा बंद होता.

रिपोर्ट मी लिहिला. 'कामगारानं स्वतःच सेन्सर बंद केला असावा. त्याचं लक्ष मनातल्या बुद्धिबळात होतं.' सगळ्यांना खरं वाटलं. पट न बघता खेळणारा माणूस कुठंही खेळेल की! मॅनेजमेंटनं तर कामगारांना एकाग्रता शिकवायला दर वर्षी हा खेळ ठेवला. वा रे शहाणे!

सेन्सर बंद करायची किल्ली एकच, आणि ती सुपरवायझरकडे असते. नग पुरे होत नव्हते, वरून फोनवर फोन येत होते, सेन्सर सारखा मशीन थांबवत होता. मी किल्ली फिरवली. त्याला सांगायचं राहून गेलं. चौकशीत मी सांगितलं, किल्ली मशीनलाच राहिली होती.

सुरक्षा सप्ताहात घरच्या माणसांना आत सोडतात. लालमहंमदची बायको झुलेखा पिंपळे गुरवहून दोन बस बदलून येते आणि कँटीनच्या दाराशी उभी राहते.

"भाऊ, तेवढं एक वाक्य काढा. दुसरं काही मागत नाही मी. लोक नबीलाला म्हणतात, तुझा बाप खेळापायी मेला. पोरगी बापाचा पट जाळायला निघाली होती."

"वहिनी, रिपोर्ट कधीच वर गेला. माझ्या हातात काय आहे आता?"

"मशीनवर ते कधीच नाही खेळले. म्हणायचे, पट माफ करतो, प्रेस नाही करत."

मी घड्याळाकडे बघायचो.

पहिल्या वर्षी आलेला ग्रँडमास्टर वीस वीस पट डोक्यात ठेवणारा होता. त्यानं धडधडीत वजीर प्याद्याच्या तोंडी दिला. आमच्या स्टोअरच्या बंटीनं तो खाल्ला आणि वर्षभर मिशीला पीळ देत हिंडला. मी विचारलं, "सर, काय झालं?"

"दिवा गेला."

"लाइट आहेत की!"

"इथले नाही हो." त्यानं कपाळ दाबलं. "डोक्यातल्या पटाशेजारी एक हिरवा दिवा होता. तो कुणीतरी बंद केला."

सकाळपासून उपाशी असेल, म्हणून मी त्याला दोन चमचे साखर घालून चहा दिला. तेव्हा अकरा बेचाळीस झाले होते.

दुसऱ्या वर्षीचा कोलकात्याचा. मराठीचा गंध नाही, विमानतळावरून थेट कँटीनमध्ये आणलेला. एका चालीत मात होती, शेंबड्या पोरालाही दिसली असती. ती सोडून यानं स्वतःचा राजा उघड्यावर नेला. मग मान वळवून म्हणाला, "हरी बत्ती किसने बंद की?"

अकरा चाळीस.

सगळे हसले. मोठ्या माणसाच्या घोडचुकीचं कौतुकच असतं, पेपरात छापून येते. आमच्या माणसाची चूक रिपोर्टात जाते, मग ती त्याची असो वा नसो. मला मात्र हसू आलं नाही. यांना सांगितलं कुणी? दिवा कुणी बंद केला, हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

यंदा योगिनी नावाची मुलगी आली. वय पंचवीस असेल. आदल्या संध्याकाळी मी एका कागदावर लिहिलं, 'किल्ली मी फिरवली होती.' खाली सही केली, कागद खिशात ठेवला. मनाशी ठरवलं, ही चुकली तर कागद झुलेखाच्या हातात द्यायचा. नाही चुकली, तर आधीचे दोन्ही योगायोग. असा सौदा मी कुणाशी केला, ते विचारू नका.

अकरा अडतीसला ती थांबली.

एकोणचाळीस. तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, तसाच राहिला.

चाळीस. माझा सदरा पाठीला चिकटला होता.

"चार नंबर पट," ती शांतपणे म्हणाली, "हत्ती डी-सात."

बरोबर चाल. एकदम बरोबर!

सहाही डाव तिनं जिंकले. मला इतकं हलकं वाटलं, की मी बेसिनपाशी जाऊन कागदाचे बारीक तुकडे केले आणि नळ सोडला. दाराशी झुलेखा होती.

"पुढच्या वर्षी बघू, वहिनी," मी म्हणालो.

योगिनी पट्टी सोडून पाणी पीत होती.

"मॅडम, एक चूक नाही!"

"दिवा होता ना."

"कुठला?"

"हिरवा. मधेच विझायला लागला होता. मग एक गृहस्थ आले आणि तो हातात धरून उभे राहिले. डाव संपेपर्यंत." तिनं ग्लास खाली ठेवला. "जाताना म्हणाले, हा आता बबनभाऊंकडे देतो. इथलेच आहेत का कुणी बबनभाऊ?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्या दिवसापासून डोळे मिटले की दिवा लागतो. डॉक्टरनं तपासलं, डोळ्यांना काही झालेलं नाही म्हणाला. त्या उजेडात सात नंबरचं उघडं तोंड दिसतं आणि आत वाकलेली पाठ. तो प्रेस कधीच भंगारात गेला. किल्ली माझ्याकडेच आहे. डोळे घट्ट मिटून मी ती हवेत फिरवतो, उजवीकडे, मग डावीकडे.

दिवा विझत नाही.