सहावं कोडं

यातलं काहीही रचलेलं नाही. एनिड प्रॉथेरो आजही इंग्लंडमधल्या चेल्टनहॅममध्ये त्याच घरात राहतात. त्यांनी सांगितलं तसंच सांगतो.

चौदा डिसेंबर. गुरुवार. दुपारचे साडेतीन वाजले होते, आणि बाहेर अंधारायला लागलं होतं.

गावाच्या टोकाला गुप्तहेर खात्याची मोठी इमारत आहे. नाताळ आला की ते लोकांसाठी कोडी जाहीर करतात. एनिडबाई गणिताच्या शिक्षिका होत्या. नवरा होता तोवर दोघं मिळून ती कोडी सोडवायची. तीन वर्षांपासून त्या एकट्याच.

पाच कोडी सुटली होती. सहावं अडलं होतं.

सात रिकाम्या चौकटी. सोबत पाच ओळी, पाच रकान्यांचा इंग्रजी अक्षरांचा चौकोन. बस्स, एवढंच.

चहा गार झाला. पेन्सिल तशीच हातात राहिली.

आणि भिंतीतून आवाज आला...

टक. टक. टक.

मग थांबून... एकच टक.

पाण्याचा पाइप असेल, असं त्यांना वाटलं. पलीकडचं घर तर ऑक्टोबरपासून बंद होतं. तिथले म्हातारे पिम वारले होते. दोन्ही घरांना भिंत एकच. अकरा वर्षांचे शेजारी, पण पिम क्वचितच बाहेर पडायचे, ओळख कधी झालीच नाही.

पुन्हा आवाज. एक... आणि एक.

आधीचे ठोके ओळीचे, नंतरचे रकान्याचे. तिसरी ओळ, पहिला रकाना. पहिली ओळ, पहिला रकाना.

एनिडबाईंची पेन्सिल आपोआप चालायला लागली. एकेक अक्षर उतरत गेलं. सात अक्षरं झाली.

लँटर्न. कंदील.

चौकटींत चपखल बसलं.

त्यांना भीती वाटलीच नाही. उलट हसू आलं. पिमांचा पुतण्या घर आवरायला आला असणार, आणि तोही हीच कोडी घेऊन बसला असणार. त्यांनी बोटांनी भिंतीवर ‘आभार’ ठोकलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सातवं कोडं दोघांनी मिळून सोडवलं. खूप दिवसांनी एनिडबाईंनी दोन बिस्किटं बशीत काढली. कोणासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मग पलीकडून ठोके आले. सावकाश...

‘कोण आहे तिथे?’

त्यांनी आपलं नाव ठोकलं. एनिड.

घड्याळाची टिकटिक तेवढी.

मग उत्तर आलं.

‘ते घर रिकामं आहे.’

त्यांचा हात भिंतीवरच राहिला.

शनिवारी सकाळी पिमांचा पुतण्या रूपर्ट किल्ली घेऊन आला. एनिडबाई गाऊनवरच बाहेर गेल्या. गुरुवारी, शुक्रवारी इथे कोण होतं, असं त्यांनी विचारलं. कोणीच नाही, तो म्हणाला. तो स्वतः अंत्यविधीनंतर आजच येत होता.

दोघं आत गेले. खोली मोकळी. गालिचासुद्धा नव्हता. धुळीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

“काकांना कोड्यांचं वेड होतं,” रूपर्ट म्हणाला. “शेजारी कोणी जोडीला मिळेल का बघा, असं मी कितीदा सांगितलं.”

“मग?”

तो जरा संकोचला.

“ते म्हणायचे, शेजारी कोणी नाही रे. अकरा वर्षांत भिंतीपलीकडून साधा खोकल्याचा आवाज नाही आला. ते घर रिकामं आहे.”



त्या दुपारी एनिडबाईंनी खुर्ची भिंतीशी ओढली. ‘मी आहे.’ पुन्हा ‘मी आहे.’ बोटांची सालटी निघेपर्यंत त्या ठोकत राहिल्या.

पलीकडून काही आलं नाही.

आता तिथे दोन लहान मुलींचं कुटुंब राहतं. सामान उतरत होतं तेव्हाच एनिडबाई केक घेऊन गेल्या. मुली त्यांच्याकडे खेळायलाही येतात.

पण पिमांना ते ‘मी आहे’ ऐकू गेलं की नाही, हे एनिडबाईंना अजून कळलेलं नाही...