साठ नंबरची गाडी

"नकली!" तपासनीस काकांनी बॉनेटखालून डोकं काढलं. "कारखान्यानं या गाड्या बनवल्या फक्त चाळीस. तुमच्या इंजिनावर नंबर साठ! कुणीतरी घरी ठोकलेला दिसतोय. उद्याच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ही चालणार नाही." ते बाहेरच्या बाकावर जाऊन नकाराचं पत्र लिहू लागले.

मामाचा चेहरा खाडकन उतरला. अकरा वर्षं खपून त्यानं ती गाडी जोडली होती. आता सगळ्यांसमोर तो लबाड ठरणार!

सुट्टीला आलेल्या भिंगरीचं डोकंच फिरलं. "माझा मामा आणि लबाडी? मी बघते!"

"बघून काय साठाचे चाळीस होणारेत?" तिचा मामेभाऊ पोपट पलीकडून इंजिनावर वाकला. "आणि साठ कुठंय? शून्य-नऊ आहे!"

"डोळे आहेत की बटणं? 60!"

"09!"

दोघांनी धावत जागा बदलल्या.

"अगं बाई! आता मलाही 09 दिसतंय!"

भिंगरीनं वळून विचारलं, "मामा, यातलं सरळ कुठलं?"

"हातानं बनवलेली गाडी," मामा ताडकन उठला. "सुटे भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कारागीर प्रत्येकावर तोच नंबर ठोकायचे!"

भिंगरीनं डाव्या दाराचं बिजागर चिंधीनं खसाखसा पुसलं. ग्रीसखालून अक्षरं वर आली: L 09.

"L म्हणजे लेफ्ट, डावं दार! L सरळ आहे, म्हणजे नऊही सरळ! काका, पत्र थांबवा!"

काकांनी बिजागर पाहिलं. मग इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी फेऱ्या मारल्या. "कारागिरानं पलीकडे उभं राहून नंबर ठोकला, आणि मी शहाणा अलीकडून वाचत बसलो!" त्यांनी घाईघाईनं यादी उघडली. "चाळीसातल्या एकोणचाळीस सापडल्यात. नऊ नंबरची जळाली, असंच आम्ही धरून चाललो होतो. अहो, ही ती गाडी आहे!"

त्यांनी पत्र टराटरा फाडलं. "पोरांनो, तीस वर्षं मी गाड्या तपासतोय. आज तुम्ही माझे कान उपटलेत. शाबास!"

मामानं डोळे पुसले तर गालाला ग्रीस लागलं.

"गाडी जोडली मी," तो म्हणाला, "पण वाचली या पोरांनी!"

"वाचली की वाचवली, बाबा?" पोपटानं विचारलं.

"दोन्ही रे, दोन्ही!" मामानं दोघांना पोटाशी धरलं.