पाखराचा वाटा

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे घडलंय.

आमच्याच गावात. उत्तर मोझांबिकमध्ये, लुजेंडा नदीच्या काठी, माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत. भूत म्हटलं की लोक रात्र धरून बसतात. इथे तसलं काही नाही. हे सगळं उन्हात घडलं. गवत वाळलेलं, सूर्य नुकता वर आलेला आणि पाहुणीच्या हातात कॅमेरा.

मावसभावाचं नाव आसाने. पाहुण्यांना गाडीतून हत्ती-सिंह दाखवायचे, त्यांना मनासारखे फोटो मिळवून द्यायचे, हे त्याचं काम. त्याची धाकटी बहीण झैतुना आणि तिचा नवरा मुआसा. मुआसा मध काढणारा. रानात उभा राहून तो हाक द्यायचा...

"ब्र्र्र्र... हं!"

की कुठून तरी मधाचं पाखरू हजर. झाडाझाडावरून पुढे उडत ते थेट मोहोळ दाखवायचं. माणसानं धूर करायचा, पोळं उतरवायचं आणि मेणाचा तुकडा पानावर ठेवायचा. तो पाखराचा वाटा. वाटा बुडवला तर पुढच्या खेपेला पाखरू मधाकडे नेत नाही, सिंहाकडे नेतं. आमच्याकडे हे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

त्या हंगामात एक पाहुणी खास या पाखरासाठीच आली होती. पहिल्या दिवशी मोहोळ मिळालं, पण फोटो हलले. बाई हिरमुसली. "उद्या पुन्हा जमेल?" तिनं विचारलं.

आसानेनं मुआसाला बाजूला घेतलं. "दाजी, आज मेण नका ठेवू. पोट भरलं तर ते उद्या कशाला येतंय?"

मुआसा हसला. "वा रे मेव्हण्या! पाखराच्या तोंडचा घास काढतोस? सांगू का तुझ्या बहिणीला? आठवडाभर जेवायला घालायची नाही."

आणि त्यानं चांगला मोठा तुकडा पानावर ठेवला.

सगळे गाडीकडे निघाले. "पाण्याची बाटली राहिली," म्हणत आसाने मागे फिरला. मेण उचललं. मातीत पुरलं. वरून पाय फिरवला.

फांदीवर पाखरू बसलं होतं... गप्प. बघत होतं.

दुसऱ्या दिवशी हाक द्यावीच लागली नाही. पाखरू गाडीपाशीच आलं आणि आरशावर बसून किंचाळायला लागलं. पाहुणी खूश. असा फोटो जन्मात मिळाला नव्हता तिला.

मुआसाच्या कपाळाला मात्र आठी पडली. "काल एवढं खाऊन आज इतकं भुकेलं?" त्यानं आसानेकडे पाहिलं. "तू काही केलं नाहीस ना रे?"

"छे हो, दाजी! मी कशाला?"

मुआसानं विश्वास ठेवला. बिचारा. पाखरामागून उंच गवतात शिरला आणि दिसेनासा झाला. नुसती हाक ऐकू येत राहिली.

"ब्र्र्र्र... हं!"

मग थोडी लांबून.

"ब्र्र्र्र... हं!"

मग...

"ब्र्र्र्र..."

पुढचा 'हं' आलाच नाही.

सिंहीण होती. गवतात तिची पिल्लं होती. जे उरलं ते आम्ही चादरीत बांधून घरी आणलं.

दफन झालं. रडणं ओसरलं. मग कुजबुज सुरू झाली.

"मेलेल्याबद्दल बोलू नये, पण वाटा बुडवलाच असणार."

"हावरा निघाला. पाखरू काय उगाच नेतं होय?"

झैतुनाकडचा मध कोणी घेईना. विहिरीवर बायका तिची बादली बाजूला सारायच्या. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात एक म्हातारा आसानेच्या शेजारी बसून म्हणाला, "असल्या माणसासाठी दुआ तरी कशी मागायची?" आसानेच्या हातात घास होता. तो त्यानं गिळला. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, आणि गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती. तो आतून कुरतडला जात होता. मला वाटायचं, दाजींचं दुःख असेल.

पुढे नवे पाहुणे आले. मुआसा नाही, म्हणून आसानेनंच हाक दिली. पाखरू आलं नाही.

उत्तर आलं.

समोरच्या गवतातून...

"ब्र्र्र्र..."

अर्धंच.

"पुढे तुमचा आणखी एक माणूस आहे का?" पाहुण्यानं विचारलं. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं!

आसानेनं गाडी वळवली. पण त्यानंतर जाईल तिथे ती हाक त्याच्या पुढे असायची. गाडी थांबली की गप्प. गाडी निघाली की पुन्हा.

शेवटी त्यानं कुठूनसं एक पोळं मिळवलं. मेण पुरलं होतं त्याच झाडाखाली गेला आणि मधासकट अख्खं पोळं पानावर ठेवलं. "घे बाबा. चुकलं माझं."

सकाळी जाऊन बघतो तर पोळं नाही. पानावर मेणाचा गोळा. चावलेला. ओला.

पाखरू मेण खातं. मध चोखून मेण थुंकतो तो माणूस.

आसाने तिथून धावत सुटला तो थेट बहिणीच्या अंगणात. झैतुना उखळात मका कांडत होती. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मुसळ थांबलं.

"दादा," ती म्हणाली, "मी त्यांना शिव्या देत होते रे. रोज. हावऱ्या, तुझ्या हावेपायी माझा संसार बुडाला म्हणून. मेलेल्या माणसाला... माझ्या माणसाला!"

आसाने तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला.

त्याच शुक्रवारी, नमाज झाल्यावर, त्यानं सगळ्या गावासमोर कबूल केलं. चाळिसाव्याला बोललेला तो म्हातारा झैतुनाच्या दारात जाऊन माफी मागून आला. आसानेची नोकरी गेली. जाऊ दे, म्हटलं आम्ही. मुआसाचं नाव धुऊन निघालं, मिटलं एकदाचं.

मिटलं नाही.

आता झैतुना रोज सकाळी एकटीच नदीकडच्या रानात जाते. शिव्यांची माफी मागायला जाते, म्हणते. परत येते तेव्हा हातात पोळं असतं. ताजं... धुराचा वास येणारं. तिला झाडावर चढता येत नाही. जवळ काडेपेटी नसते, कुऱ्हाड नसते.

"कोणी काढून दिलं गं?" मी एकदा विचारलं. काय खुळ्यासारखं विचारतोय, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं.

ते पोळं ती भावापुढे ठेवते. स्वतः बोटभरही चाखत नाही. आसानेला नाही म्हणता येत नाही. तो सगळं खातो. तरी दिवसेंदिवस वाळत चाललाय, नुसती हाडं उरलीत.

परवा मी तिथेच बसलो होतो. आसानेनं पोळं संपवलं. झैतुना दारात गेली आणि रानाकडे तोंड करून उभी राहिली. काहीतरी ऐकत होती. मला काही ऐकू आलं नाही. खरंच नाही.

मग ती वळली.

"दादा, ते विचारताहेत... पोट भरलं का?"

आसानेनं खाली बघतच मान हलवली. नाही म्हणून.

मी उठलो आणि घरी आलो. त्यानंतर मी तिकडे गेलेलो नाही.