टोमॅटोची वाकडी पानं

"हिलाल, लवकर ये! तिसरंही गेलं!"

सुनंदाची हाक ऐकताच हिलाल चहा तसाच टाकून अंगणात धावला. भिंतीलगत तेलाच्या सहा रिकाम्या डब्यांत या बहीण-भावांनी आयुष्यात पहिल्यांदाच टोमॅटो लावले होते. काल ताठ उभं असलेलं झाड आज पिळून टाकलेल्या फडक्यासारखं वाकलं होतं. पानं दोरीसारखी वळली होती.

"पाणी जास्त झालं असेल," हिलाल म्हणाला.

"काल म्हणालास, कमी झालं!" सुनंदा रडकुंडीला आली. "आपल्याला काही म्हणता काही कळत नाही रे! आबांना आता काय सांगायचं?"

आधारआबा त्यांचे आजोबा. सगळा जन्म पाचोऱ्याकडे शेतीत गेला. पावसाळ्यात त्यांचं डावं अंग लुळं पडलं आणि त्यांना धुळ्याला, देवपूरच्या घरी आणलं. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. ना धड बोलणं, ना जेवण. पण टोमॅटोची रोपं वीतभर झाली आणि आबा चक्क काठी टेकत अंगणात आले! रोज पानं चाचपू लागले, भाकरी मागून खाऊ लागले.

झाडं मरायला लागली, तसं त्यांनी पुन्हा ताट सरकवलं.

सुनंदानं वाकलेली फांदी तोडून आबांच्या हातात दिली. आबांनी ती बराच वेळ बोटांत फिरवली आणि पुटपुटले, "हाऊ रोग नही शे. पानी दखा!"

रोग नाही, पाणी बघायचं? दोघं समोरच्या घरी पळाले. तिथं राहणाऱ्या मैत्रिणीला, कोकिळाला त्यांनी एक रोप दिलं होतं. ते छान टवटवीत होतं!

"माती तीच, शेणखत तेच," कोकिळा म्हणाली. "पण मी पाणी आमच्या नळाचं घालते."

"आणि आम्ही हौदातलं!" हिलाल ओरडला.

हौद तीन घरांत मिळून एक होता. उरलेल्या तीन झाडांपैकी दोन त्यांनी नळाच्या पाण्यावर ठेवली, एकाला मुद्दाम हौदाचं घातलं. तिसऱ्या दिवशी तेवढंच झाड वाकडं झालं!

सुनंदाला एकदम आठवलं. शेजारच्या आक्काबाई त्याच पाण्यानं आठ महिन्यांच्या नातवाला अंघोळ घालत होत्या!

ती धावत सांगायला गेली, तर आक्काबाई हसल्या. "अगं, झाडं काय, मरतातच! सुट्टीत काही उद्योग नाही वाटतं?" बाबाही ऐकून घेईनात.

"आपणच शोधायचं," हिलाल दातओठ खात म्हणाला.

दुपारी कोकिळाला घेऊन तिघं हौदासमोरच्या जिन्याखाली दडून बसले. चारच्या सुमाराला पलीकडच्या घरातले, मागच्या मोकळ्या प्लॉटचे मालक गिरधरनाना आले. पाठीवर फवारणीचा पंप. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पंप हौदात बुडवला आणि खळाखळा धुतला!

"गवत मारायचं औषध!" कोकिळा कुजबुजली. "प्लॉटमधलं गवत बघा, कसं जळालंय! चला, पकडू या!"

"थांब," सुनंदानं तिचा हात धरला. "नाही म्हणाले तर? सगळे मोठ्यांचंच खरं मानतात."

संध्याकाळी बाबा, आक्काबाई, नाना, सगळे ओट्यावर गप्पा मारत बसले होते. सुनंदा हौदातून भरलेली बादली उचलून नानांच्या अंगणाकडे निघाली. तिथं नानांच्या लाडक्या मिरच्यांचा वाफा होता.

"नाना, तुमच्या मिरच्या सुकल्यात हो! घालू का पाणी?"

"घाल की, पोरी! कुठलं आणलंस?"

"हौदातलं!"

"अगं, थांब!" नाना ताडकन उठले. "ते नको! मिरच्या जळतील ना माझ्या!"

ओट्यावरचे सगळे नानांकडे वळले.

"का जळतील, नाना?" हिलालनं विचारलं. "आमचे टोमॅटो जळले तसे?"

नानांचा चेहरा उतरला. "पंप धुतला होता... थोड्याशानं काय होतंय, असं वाटलं."

"माझ्या नातवाला अंघोळ घालते मी त्या पाण्यानं!" आक्काबाई किंचाळल्या आणि बाळाला उराशी धरून दवाखान्यात धावल्या. तासभर सगळे दारात ताटकळले. अखेर आक्काबाई परतल्या. डॉक्टरांनी बाळाला तपासलं होतं. ते सुखरूप होतं!

त्यांनी सुनंदाला जवळ ओढलं. "मी हसले गं तुला. तुम्ही तिघं नसता तर...!" बाबांनी हौदाला झाकण आणि कुलूप बसवायचं ठरवलं. नानांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः हौद उपसून घासला.

पण चार झाडं गेली ती गेलीच. दोनच उरली. आबा त्यांच्यापाशी येऊन बसले आणि उजव्या हातानं एक बगलफूट, पानाच्या बेचक्यात फुटलेली कोवळी फांदी, खटकन मोडली.

"आबा! तोडू नका!" सुनंदा ओरडलीच.

आबांनी ती रिकाम्या डब्यातल्या ताज्या मातीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी.

"मुळं फुटतील तिले," आबा म्हणाले. "आते पानी आन बरं, नळनं. आणि मनं ताट बी आन!"