कॉक कुणी बंद केला?

"मिस्त्री म्हणतो, विसरलो. माझे बाबा गेले, आणि हा म्हणतो, विसरलो!"

समोरची मुलगी रडत नव्हती, आणि तेच भावजींना बघवत नव्हतं. त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. तिचं लक्षच नव्हतं.

वहिनी शांतपणे ऐकत होत्या. नवऱ्यामागे त्यांनी त्याचाच गुप्तहेरीचा व्यवसाय नेटाने चालवला होता, आणि धाकटे दीर म्हणून भावजी मदतीला होते. मदत म्हणजे गाडी चालवायची आणि सर्वांत आधी चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. दोन्ही कामं ते मनापासून करत.

मुलीचे वडील छापखान्याचे मालक. विमान उडवायची हौस एवढी, की सगळे त्यांना कप्तानच म्हणत. एका दातांच्या डॉक्टरांबरोबर भागीदारीत त्यांनी छोटं दोन सीटांचं विमान घेतलं होतं. गेल्या रविवारी सकाळी ते एकटेच उडाले. धावपट्टी संपते न संपते तोच इंजिन बंद पडलं आणि विमान झाडांत कोसळलं. टाक्या काठोकाठ भरलेल्या होत्या, पण दोन सीटांच्या मधे, पुढे तळाशी असलेला पेट्रोलचा लाल कॉक बंद सापडला.

"आदल्या संध्याकाळी पेट्रोलची गाळणी साफ करायला विमानाच्या मिस्त्रीने तो बंद केला म्हणे, आणि उघडायचा राहिला," मुलगी म्हणाली. "ज्याचा जन्म त्या विमानाखाली गेला, तो असा विसरेल? मी पोलिसांत तक्रार देणार आहे. पण त्याआधी मला कळू दे, तो विसरला की त्याने मुद्दाम केलं. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसलेय मी."

"आई काय म्हणते?"

"आई बोलतच नाही. तिला आधीच कळलं होतं हो! आमचं घर धावपट्टीला लागूनच आहे. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला मात्र, ती हातातलं टाकून धावत सुटली. अनवाणी! 'थांबवा, थांबवा' म्हणून ओरडत होती. विमान अजून जमिनीवरच होतं. एरवी कधी खिडकीतून डोकावलीसुद्धा नाही ती."

"बायकोचं काळीज," भावजी हळहळले.

"आधी विमान बघू," म्हणत वहिनी उठल्या.

*

विमानाचे अवशेष हँगरमध्ये आणून ठेवले होते. पंख उखडला होता, पण बसायची जागा बऱ्यापैकी शाबूत होती. वहिनी तिथे वाकून बघत राहिल्या. उजवी सीट पुढे, पार पुढे ओढलेली होती.

"ही धडकेने सरकली का?"

"नाही. खटका बसलाय तिचा. कुणी पुढे ओढल्याशिवाय बसत नाही," मिस्त्री म्हणाला. तो इतका उंच होता, की मोडक्या पंखाखालूनही त्याला वाकून यावं लागलं. डोळे रडून सुजले होते.

"गाळणी कुठली?"

त्याने इंजिनाखालचं एक वाटीएवढं भांडं दाखवलं. झाकण सैल होऊ नये म्हणून त्याला बारीक तार पिळून बांधली होती. तारेला गंज चढला होता, पिळात जुना काळा मळ बसला होता.

"हे उघडायचं तर तार कापावी लागते?"

"हो. दर वेळी नवी बांधतो." बोलून गेला आणि त्याने घाईने तारेवर हात ठेवला.

"त्या संध्याकाळी इथे कोण आलं होतं?"

"कुणी नाही. सांगितलं ना, चूक माझी आहे. काय शिक्षा व्हायची ती होऊ दे!" तो तोंड फिरवून चालू लागला.

"हाच तो," भावजी कुजबुजले. "मन खातंय त्याला."

"खातंय खरं," वहिनी म्हणाल्या.

दातांचे डॉक्टर दवाखान्यात भेटले. पाय इतके लांब, की टेबलाखाली मावत नव्हते. दोघं आत येताच त्यांनी सांगून टाकलं, "मला विमान विकायचं होतं, हे मीच सांगतो. कप्तानांची नजर गेली होती. मागे उतरताना त्यांना धावपट्टीच दिसेना. मी शेजारच्या सीटवरून सांभाळलं म्हणून वाचलो. ऐकतील तर शपथ! शेवटी त्यांच्या पत्नीला हात जोडले, म्हटलं, आता तुम्हीच थांबवा."

"उजवी सीट तुमची?"

"हो. गुडघे अडतात, म्हणून पार मागे सरकवून ठेवतो."

"उडण्याआधी कॉक तपासत नाहीत?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "तपासायचा असतो. पण आम्ही तो कधी बंदच करत नव्हतो. कप्तान न बघताच 'उघडा आहे' म्हणायचे आणि पुढे जायचे. मीसुद्धा."

"बंद असताना इंजिन सुरू कसं झालं?" भावजींनी विचारलं.

"नळीत उरलेल्या पेट्रोलवर होतं सुरू. जेमतेम उडण्यापुरतं चालतं. विमानवाल्या कुणालाही विचारा."

गाडीत बसताबसता भावजी म्हणाले, "वहिनी, हा डॉक्टरच! सगळं ठाऊक आहे त्याला."

"भावजी, ज्याला ठाऊक नव्हतं, असं माणूस शोधायचंय आपल्याला." त्यांचा आवाज इतका उदास होता, की भावजींनी नुसती गाडी सुरू केली.

*

कप्तानांच्या घरी सगळे जमले. कप्तानांची पत्नी नवऱ्याच्या खुर्चीत बसली होती. इतकी लहानखुरी, की पाय जमिनीला टेकत नव्हते.

"मिस्त्री विसरला नाही," वहिनींनी सुरुवात केली. मुलगी ताठ झाली. "आणि त्याने मुद्दामही केलं नाही. त्याने कॉकला हातच लावला नाही. गाळणीची तार कित्येक दिवसांत कापलेली नाही. तो खोटं बोलतोय."

"स्वतःवर आळ घ्यायला?"

"दुसऱ्यावर येऊ नये म्हणून. उजव्या सीटवर बसून कुणीतरी कॉक बंद केला. डॉक्टर सीट मागे ठेवतात, मिस्त्री त्यांच्याहून उंच. सीट पुढे ओढली ती ज्याचा हात पोचत नव्हता त्याने. आणि विमानातलं ज्याला कळतं, त्याला हेही कळतं, की कॉक बंद असूनही इंजिन सुरू होतं. त्याने हे केलं असेल, तर तो खून. पण ज्याला कळत नाही, त्याला वाटणार की इंजिन सुरूच होणार नाही. कप्तान वैतागून घरी येतील, एवढंच."



"त्या सकाळी इंजिनाचा आवाज ऐकून एकच माणूस घाबरलं. सगळं सुरळीत होतं, विमान जमिनीवर होतं, तेव्हा. कारण तो आवाज यायलाच नको होता."

"बाईसाहेब, काही बोलू नका," मिस्त्री घाईने म्हणाला. "मीच केलं. माझ्यामागे रडणारं कोण आहे?"

"मी आहे ना," कप्तानांची पत्नी म्हणाली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज फुटला होता. "त्या संध्याकाळी तुम्ही मला विमानात बसलेलं पाहिलंत आणि कुणाला बोलला नाहीत. पण आता पुरे." मग ती मुलीकडे वळली. "विमानातला तेवढा एक कॉक मला माहीत होता गं. आग लागली तर हा बंद कर, असं त्यांनी शिकवलं होतं. मला वाटलं, गॅसचा बंद केला की शेगडी पेटत नाही, तसंच असेल. ते रुसून घरी येतील, म्हणून मी त्यांच्या आवडीचं करायला घेतलं होतं."

भावजींनी तोंड दुसरीकडे वळवलं. या वेळी त्यांचा संशय कुणावरच नव्हता, आणि संशय घेण्याजोगं कुणीतरी असायला हवं होतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"एक विचारू?" कप्तानांच्या पत्नीने वहिनींना म्हटलं. "इंजिन बंद पडल्यावर त्यांना कळलं असेल का, की हे मी केलं?"



"नाही," वहिनी म्हणाल्या. "कळलं असतं, तर त्यांनी तो उघडला असता."

तिने मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवत राहिली. मग खुर्चीतून उतरली आणि मुलीला म्हणाली, "चल, तुला तक्रार द्यायची होती ना? तीत माझं नाव घाल."

मुलीने आईला घट्ट मिठी मारली, आणि तेव्हा कुठे ती रडली.